मधला करडा

हे वाचताना घाई नको. जमल्यास खिडकीजवळ बसा, पाठ सैल सोडा. जवळ टेबललॅम्प आणि एक कोरा पांढरा कागद असेल तर हाताशी ठेवा, पुढे लागेल.

आता मनाने रिफाला चला. बहारीनच्या बेटावर, मनामाच्या दक्षिणेला, जराशा उंचवट्यावर वसलेलं हे शहर. पूर्व रिफा, पश्चिम रिफा, आणि हुनैनिया दरीच्या काठावर १८१२ साली शेख सलमान बिन अहमद अल फतेह यांनी बांधलेला किल्ला. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजगड-रायगड उभे राहतात. इथे तसा चढ नाही, दम लागत नाही. मातकट पांढऱ्या भिंती, बुरूज, मधे अंगण. पण आपण इतिहासासाठी आलेलो नाही. शनिवारची दुपार आहे, सूर्य डोक्यावर आहे, आणि आपल्याला फक्त एका भिंतीकडे बघायचं आहे.

बघा. भिंत इतकी उजळ आहे की डोळे आपोआप बारीक होतात. तिच्यात एक उघडं दार आहे, पण दारातून आतलं काहीच दिसत नाही. दाराच्या मापाचा नुसता काळा चौकोन. आता चालत जा, उंबरा ओलांडा आणि आत सावलीत उभे राहा. लगेच काही करू नका. थोड्या वेळाने आतली भिंत दिसू लागेल, मग गिलाव्यावरून फिरलेल्या हाताचे उंचसखल फटके, मग कोपरा. कोपऱ्यात सावलीच्या आत आणखी एक सावली आहे, तीही दिसेल. मग वळा आणि जिथून आलात तिकडे बघा. मघाशी ज्या अंगणातला प्रत्येक खडा वेगळा दिसत होता, ते आता एक पांढरं झालंय.

ऊन तेच, भिंत तीच. आपण फक्त दोन पावलं चाललो. भर उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो, आणि रात्री आपण ज्या उजेडात जेवतो तो असतो शंभर-दोनशेचा. डोळा दोन्हीकडे निभावतो, पण एका वेळी दोन्हीकडे नाही. कॅमेऱ्याचं आणखी अवघड. त्याला एका क्षणात ठरवावं लागतं की आपण दाराच्या आतले की बाहेरचे.

एवढं मनात ठेवून किल्ल्यातून निघू.

खाली दुकानांच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे असं समजा. काचेच्या दारावर आयकार्डाच्या फोटोंचे नमुने, बाळांचे मोठे फोटो, एकदोन नवरानवरी. पुढे काउंटर, मागे जाड पडदा, पडद्यामागे खोली. एसी जोरात. काम करणारा केरळचा असेल, पाकिस्तानचा असेल, तुमच्याशी हिंदीतच बोलेल. उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने लगेच दिव्यासमोर बसवू नये, कारण कपाळावरची आठी अजून उतरलेली नसते. काळोखाची सवय डोळ्याला दोन टप्प्यांत होते. रंग ओळखणाऱ्या पेशी काही मिनिटांत सावरतात, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना अर्धा तास लागतो. तेवढा वेळ कुठल्याच दुकानात कुणी देत नाही. आपण देऊ.

तोवर हात पुढे करा. खरंच करा.

खोलीतला मोठा दिवा बंद करा, टेबललॅम्प लावा आणि उजवा तळहात असा धरा की उजेड एका बाजूने येईल. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा आहे तिथे नजर ठेवा. एक बाजू उजळ आहे, दुसरी काळवंडलेली. या दोहोंच्या मधे रेघ आहे का? नीट बघा. रेघ नसते, पट्टा असतो. उजेड हळूहळू थकत जातो आणि कुठेतरी सावली सुरू होते, पण ती नेमकी कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. दिवा लहान आणि लांब असेल तर पट्टा अरुंद होतो, करकरीत दिसतो. दिव्याच्या पुढे, बऱ्यापैकी अंतर राखून, पातळ पांढरं कापड धरलं तर पट्टा रुंदावतो. स्टुडिओतली छत्री आणि सॉफ्टबॉक्स हेच काम करतात, दिवा मोठा करतात. उजेड वाढवण्यासाठी त्या आणल्या आहेत असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात त्या उजेड खातात. पट्टा रुंद व्हावा म्हणून तेवढा तोटा सोसायचा असतो.

आता डाव्या हातात कोरा कागद घ्या आणि तळहाताच्या अंधाऱ्या बाजूला धरा. सावली उचलली गेली. कागद लांब न्या. पडली. जवळ आणा, पुन्हा उचलली. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत या कामाला थर्माकोलची साधी शीट असते, कडा कुरतडलेली, कोपरा तुटलेला. तिला कुणी फोटोग्राफीचं सामान म्हणत नाही, पण चेहऱ्याची अर्धी बाजू तिच्याच हातात असते. कागद सावकाश पुढे-मागे करत राहा. दिवा जागचा हललेला नाही, तरी हात कधी दगडात कोरल्यासारखा दिसतो, कधी सपाट. कॉन्ट्रास्ट म्हटलं की आपण दिव्याकडे बघतो. बघायचं असतं सावलीच्या बाजूला, तिथे किती उजेड परत जातोय याकडे.

तळहात मुद्दाम निवडला. माणसं वर्णाने कितीही निराळी असली तरी तळहातांत तेवढा फरक नसतो. म्हणून उजेड मोजायचं मीटर घेऊन फिरणारे जुने फोटोग्राफर ऐनवेळी स्वतःच्या तळहातावर मोजणी घ्यायचे आणि तिच्यात एका स्टॉपची, म्हणजे दुप्पट उजेडाची, भर घालायचे. तळहात करड्या कार्डापेक्षा साधारण दुप्पट उजळ असतो, एवढं त्यांना पाठ असायचं.

करडं कार्ड म्हणजे फोटोग्राफरच्या पिशवीतला तो मळखाऊ पुठ्ठा. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला १८ टक्के तो परत पाठवतो. काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध म्हणजे पन्नास टक्के, असा आपला हिशेब. डोळ्याचा हिशेब निराळा आहे. डोळ्याला जो करडा मधोमध वाटतो, तो असतो या १८ टक्क्यांच्या आसपास. आणि आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांची त्वचा बरीचशी याच करड्याच्या अवतीभवती असते, थोडी वर, थोडी खाली.

यावर जरा रेंगाळा. काळं एका टोकाला, पांढरं दुसऱ्या टोकाला, आणि चेहरा मधे.

पडदा बाजूला होतो. आत एक बहारिनी कुटुंब बसलेलं आहे. वडील पायघोळ पांढऱ्या थोबात, डोक्यावर पांढरा गुत्रा म्हणजे रुमाल, त्यावर काळ्या दोरीचा अगाल. शेजारी आई, पायघोळ काळ्या अबायात. मधे लहान मुलगा, त्याचाही थोब इस्त्रीचा, कडक. आखातात फोटो काढणाऱ्याची खरी परीक्षा या चौकटीत असते. धुतलेलं पांढरं कापड शंभरातला ऐंशी-पंच्याऐंशी उजेड परत देतं, काळं कापड तीन-चार. पंचवीसपट फरक, म्हणजे साडेचार स्टॉपच्या आसपास, आणि तोही एका बाकावर खांद्याला खांदा लावून.

कॅमेरा भोळा असतो. त्याच्या पुढे जे काही येईल त्याची सरासरी करडी असणार, असं तो धरून चालतो. वडिलांचा थोब चौकटीत जास्त आला की तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि सगळंच खाली ओढतो. थोब राखाडी, चेहरे कोळशाचे. आईचा अबाया जास्त आला की उलटं. अबाया राखाडी, आणि थोबाच्या जागी कागदाला भोक पडल्यागत कोरं पांढरं, त्यात ना घडी ना शिवण. दोन्ही वेळा चूक कपड्यांमुळे होते आणि भोगतो चेहरा. म्हणून जाणता माणूस कपड्यांकडून परत येणारा उजेड मोजतच नाही. मीटरवर पांढरी अर्धगोल टोपी बसवून तो मुलाच्या हनुवटीखाली धरतो आणि वरून पडणारा उजेड मोजतो. पडणाऱ्या उजेडाला थोब ठाऊक नसतो, अबायाही ठाऊक नसतो. त्या हिशेबाने घेतलं की जे पांढरं आहे ते पांढऱ्याच्या जागी जातं, काळं काळ्याच्या, आणि चेहरा आपसूक मधे येऊन बसतो.

त्यानंतर एवढंच बघायचं, की थोबाच्या बाहीवर एक तरी घडी दिसतेय का, आणि अबायाच्या काळ्यात कापडाची एक तरी चुणी आहे का. या दोन गोष्टी राहिल्या की मधलं राहिलं. मला तर वाटतं, पोर्ट्रेटमधल्या कॉन्ट्रास्टचं सगळं काम एवढंच. दोन टोकं ठणठणीत हवीत, ती मधल्यासाठी. ज्या फोटोत टोकंच मिरवतात आणि चेहरा त्यांच्यात सापडत नाही, असे फोटो हल्ली भिंतींवर फार दिसतात. त्यांना नाट्यमय म्हणतात. असोत.

कुटुंब उठतं, मुलगा वैतागलेला आहे. आता आपली माणसं आत येतात.

मुलगा आणि सून इथेच नोकरीला. सासूबाई चिपळूणहून महिनाभरासाठी आलेल्या. त्यांना नऊवारी नेसवून, नथ घालून एक चांगला फोटो काढायचा, असं सुनेच्या मनात कधीपासून होतं. बहारीनच्या महाराष्ट्र कल्चरल सोसायटीच्या गणपतीत बायकांच्या नाकात अशा नथा दिसतात, पण तिथे गर्दीत मोबाइलवर निघालेल्या फोटोत नथ म्हणजे एक पांढरा डाग येतो. सासूबाई स्टुलावर बसतात, पदर सारखा करतात.

“आई, नथ जराशी वर घेते हं, ओठावर सावली पडतेय.”

“पडू दे गं. सावलीने काय होतंय.”

काही होत नाही, हे खरं. सुनेला ते पटत नाही आणि ती नथ हलवतेच. तिच्या हातासोबत जरा जवळ जा. इतकं जवळ, की नथीतला एकच मोती तुमच्यासमोर उरेल.

आकाराने ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. वरच्या डाव्या अंगाला एक लख्ख ठिपका आहे. तो मोत्याचा नाही, तो दिवा आहे. ठिपका चौकोनी असेल तर डावीकडे वर सॉफ्टबॉक्स आहे, गोल असेल तर छत्री. ठिपक्याच्या भोवती मोत्याचा स्वतःचा पांढरा आहे, दुधाळ, जरा खालून उजळल्यासारखा, कारण मोत्याच्या कवचाचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि उजेड वरच्या थरावरूनही परततो, आतल्यावरूनही. तिथून उजवीकडे उतरत चला, सावकाश. पांढरा मंदावतो, करडा होतो, गडद होतो. सगळ्यांत गडद जागा कुठे आहे? कडेला असेल असं वाटतं. ती कडेच्या थोडी अलीकडे असते. अगदी कडेला पुन्हा एक पुसट उजेड आहे, आणि त्याला रंग आहे, तांबूस, गव्हाळ. तो गालाकडून आलेला. बाईच्या गालाने मोत्याला दिलेला उजेड मोत्याच्या काठावर थांबला आहे.

तिथेच थांबा. पुन्हा पहिल्यापासून फिरा. लख्ख ठिपका, दुधाळ पांढरा, करडा, गडद, आणि काठावर गाल.

आता नजर वर न्या, गालाच्या हाडावर. तोच क्रम. कपाळावर, हनुवटीवर, बोटाच्या पेरावर, जिथे जिथे गोलाई आहे तिथे हाच क्रम मोठा होऊन पसरलेला आहे. स्टुडिओत दिवे कुठे आहेत, किती आहेत, थर्माकोल कुठे धरलं आहे, हे सगळं त्या एका मोत्यात लिहिलेलं असतं. काठावरचा तांबूस उजेड फार झाला तर मोती गोल न दिसता चपटा दिसतो, अजिबात नसला तर अर्धा मोती अंधारात तुटून पडतो. चेहऱ्याचंही तेच.

या मोत्याचा इथल्या पाण्याशी जुना संबंध आहे. आपण ज्याला बसरा मोती म्हणतो तो बसऱ्याच्या बंदरावरून नाव घेऊन आला. निघायचा आखातातल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांतून, आणि त्यांत बहारीनच्या भोवतालचा समुद्र नावाजलेला. उन्हाळाभर पाणबुडे नाकाला चिमटा लावून बुडी मारायचे. निघालेला माल मोठ्या प्रमाणावर मुंबईला जायचा. तिथे तो पारखला जाई, विंधला जाई, विकला जाई. त्यातले काही दाणे सोन्याच्या तारेत बसून पुण्या-साताऱ्याच्या, कोकणाच्या नाकांपर्यंत पोचले. जवाहिऱ्या जाक कार्तिये १९१२ साली मोत्यांसाठी बहारीनला येऊन गेला, त्या भेटीत स्थानिक व्यापाऱ्यांसोबत काढलेला फोटो आजही छापला जातो. पुढे जपानचे कल्चर्ड मोती बाजारात आले, जगभर मंदी आली, आणि १९३२ साली रिफाच्या दक्षिणेला जबल दुखानपाशी तेल लागलं. मोत्यांचं बेट तेलाचं झालं. बहारीनच्याच मुहर्रक शहरातल्या मोती व्यापाऱ्यांच्या घरांना आणि त्या समुद्रपट्ट्यांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आणि चिपळूणच्या सासूबाईंची नथ, ती जर खरोखर पणजीच्या वेळची असेल, तर जिथून निघाली त्या पाण्यापासून काही मैलांवर आज फोटोला बसली आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणतील, बरं, पण लवकर आटपा.

मोत्याकडे पुन्हा या, कारण त्याने अजून एक गंमत करायची आहे. तो पांढरा दिसतोय तो शेजारच्या सावळ्या गालामुळे. मनातल्या मनात तो काढा आणि मघाच्या वडिलांच्या थोबावर ठेवा. आता काय रंग दिसतो? राखाडी, पिवळसर, थोडा मळकाही. मोती तोच. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ गालिचा कारखान्यात रंगकामावर देखरेख करत होता. त्याच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या विणीत सावली दाखवायला वापरलेला काळा धागा फिका पडतो. त्याने काळा रंग तपासला, रंग उत्तम होता. दोष शेजारी बसलेल्या रंगांचा होता. १८३९ साली त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. रंग असो की उजेड, डोळा एकटी वस्तू मोजतच नाही, शेजारच्यासकट मोजतो.

पडद्याचा उपयोग इथे येतो. सासूबाईंच्या मागचा पडदा साधा करडा आहे. दिवा त्यांच्या जवळ आणला आणि पडदा मागे राहू दिला, तर पडदा काळा होतो. दिवा मीटरभरावरून दोन मीटरवर गेला की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो, हा त्याचा नियम. उलट पडद्यावर वेगळा दिवा टाकला तर तोच करडा पांढराशुभ्र. आणि जुन्या हातांची एक युक्ती अशी, की चेहऱ्याच्या उजळ बाजूमागे पडदा गडद ठेवायचा, आणि सावलीच्या बाजूमागे पडद्यावर थोडा उजेड जाऊ द्यायचा. चेहऱ्याच्या दोन्ही कडा सुटून येतात, एक काळ्यावर उजळ म्हणून, दुसरी उजळावर काळी म्हणून. एखादा आवडता जुना पोर्ट्रेट आठवा आणि फक्त कानांच्या मागे काय आहे ते बघा. चेहऱ्याकडे बघू नका. बहुतेक कारागिरी तिथे असते.

कृष्णधवल फोटोबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. जुन्या सिल्व्हर प्रिंटमध्ये पांढरं म्हणजे नुसता कागद असतो, तिथे काहीच केलेलं नसतं. काळं असतं ते चांदीच्या बारीक कणांचं. कपाळावरची चकाकी फुकटची, आणि डोळ्याखालची सावली चांदीची. जलरंगातही उजेड म्हणजे बहुधा राखून ठेवलेला कागदच. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, १९४५ च्या सुमाराचं, पुष्कळ लोक रविवर्म्याच्या नावावर घालतात ते. हातात दिवा घेतलेली बाई, दिव्याला दुसऱ्या हाताचा आडोसा. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या आणि २०१८ मध्ये १०२ वर्षांच्या होऊन कोल्हापुरात गेल्या. त्या चित्रात दिवा एकच आहे आणि तो खाली आहे, छातीशी. म्हणून सावल्या वर चढतात. असा खालून आलेला उजेड सिनेमात भुतांसाठी राखून ठेवतात, आणि इथे तो एवढा मवाळ झाला आहे, कारण हाताचा आडोसा मधे आहे.

दादरला जे. एच. ठक्कर यांचा इंडिया फोटो स्टुडिओ होता. फाळणीत कराची सोडून आलेल्या या माणसाने १९४८ साली तो काढला आणि नर्गिस, मीनाकुमारी यांच्यासारख्या नट्यांचे चेहरे तिथे उजळले, आणि तितकेच काळोखातही गेले. ते फोटो बघताना एक प्रयोग करा. फोटोतला जेवढा भाग पूर्ण काळा आहे तो बोटाने झाका. गाल, नाक, पापणी, ओठांची एक कड, बास, एवढंच उरतं, आणि एवढ्यावरच आपण सगळी बाई पाहिल्याची खात्री देतो. न दिसणारं आपण भरून काढतो. मात्र ती सूट मीनाकुमारीला आहे, कारण तिचा चेहरा प्रत्येकाला पाठ होता. चिपळूणच्या सासूबाईंचा चेहरा पुढे पणतवंडांना पाठ नसणार. त्यांच्या फोटोत एवढा अंधार ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

मग किती ठेवायचा? स्टुडिओत हा हिशेब पटींत बोलतात. उजळ बाजूवर सावलीच्या बाजूच्या दुप्पट उजेड असेल तर चेहरा गुळगुळीत, गोडसर. चौपट झाला की हाडं दिसू लागतात. आठपट झाला की नाटक सुरू. वय झालेल्या चेहऱ्यावर बाजूने येणारा उजेड सुरकुती सुरकुती मोजून दाखवतो, म्हणून बहुतेक जण समोरून दिवा मारून मोकळे होतात. असं करू नका. तिप्पट-चौपटीपाशी थांबा, थर्माकोल हातभर जवळ घ्या आणि बघा. सुरकुत्या आहेत, पण ओरडत नाहीत. डोळ्यांच्या कडेला हसण्याच्या रेघा आहेत, त्यांच्यात थोडी सावली आहे, म्हणून त्या रेघा आहेत. सावली पुसली की हसूही पुसलं जातं.

आणि नेमकं तेच होणार असतं. मुलगा काउंटरशी वाकून हळू आवाजात सांगतो, “आईचा चेहरा जरा उजळ करा हं.” हे वाक्य आपल्याकडे शंभर वर्षं तरी स्टुडिओत ऐकू येत असेल. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हच्या काळात टोकदार शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक टिंब द्यायचे. निगेटिव्हवर शिसं वाढलं की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. देवीचे व्रण, डोळ्याखालचा काळेपणा आणि लग्नाच्या मुलीचा सावळा रंग, तिन्ही एकाच पेन्सिलीने जायचे. पुढे रंगीत फिल्म आली ती गोऱ्या बाईच्या नमुना-फोटोवर बेतून. शर्ली कार्ड म्हणत त्याला, आणि वेगवेगळ्या वर्णांच्या बायका त्या कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. आता फोनच न विचारता उजळवतो. गंमत अशी की सावळ्या त्वचेवर उजेडाची चकाकी जास्त ठळक उठते, गालाचं हाड, नाकाची कड, हनुवटी, सगळं घडीव दिसतं. शेजारी मोती असेल तर विचारूच नका. रंग उजळवला की हा फरक मरतो. मोती आणि गाल एकाच रंगाचे होतात आणि नथ पुन्हा नुसता डाग. मुलाला उत्तर द्यायचं तर एवढंच द्यावं, की चेहरा उजळ नको, उजेडात हवा.

याच स्टुलावर पाच मिनिटांनी सासूबाईंचा दुसरा फोटो निघतो, कागदपत्रांसाठी. तिथे मागे पांढरं, समोर दोन्हीकडून सारखा उजेड, चेहऱ्यावर सावली चालत नाही, मागच्या भिंतीवरही चालत नाही. नथ काढायची. यंत्राला माणूस ओळखायचा असतो, आणि त्यासाठी डोळ्यांतलं अंतर, नाकाची रुंदी पुरते. हा फोटो वाईट नसतो, त्याचं काम निराळं. पण दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एकात सगळं दिसतं, कान, भुवई, तीळ, काहीच लपलेलं नाही, आणि तरी नातू म्हणतो, ही आज्जी नाही वाटत. दुसऱ्यात अर्धा कान अंधारात गेला आहे आणि कुणालाही तो हवासा वाटलेला नाही.

आता रिफा सोडा आणि तुमच्या घरातला एक जुना स्टुडिओतला फोटो काढा, आजीचा, आजोबांचा, कुणाचाही. खिडकीशी न्या. पहिल्यांदा चेहरा बघू नका. सगळ्यांत पांढरी जागा शोधा आणि तिथे काही उरलंय का बघा, शर्टाची शिवण, टोपीची घडी. मग सगळ्यांत काळी जागा शोधा. कोटाची कॉलर असेल, अंबाडा असेल. त्यातही काही दिसतंय का? या दोन टोकांमध्ये नजर काही वेळा सावकाश ने-आण करा आणि मग चेहऱ्यावर या. तो मधे कुठेतरी असेल. हनुवटीखालच्या सावलीवरून दिवा किती वर होता ते ठरवा, नाकाच्या सावलीवरून कोणत्या बाजूला. नथ, कुडी, मंगळसूत्राची वाटी, कोटाचं बटण, जे गोल आणि चकचकीत सापडेल त्यात ठिपका शोधा. काहीच सापडलं नाही तर बुबुळांत बघा. तिथे तो असतोच. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, गोल असेल तर छत्री, दोन असतील तर दोन दिवे. भिंग असेल तर लावा. फोटो मोठा असेल आणि नीट काढलेला असेल, तर ठिपक्याच्या खाली कधीकधी तिकाटण्यामागे कॅमेऱ्याशी वाकलेला फोटोग्राफरही सापडतो.